नऊ वाजताची पाटी आणि अकरा रिकामी भांडी

सान रोके, सोमवार, २८ जुलै

प्रिय मनांग एल्वी,

तुझा उजवा हात इथूनच, कागदावरूनच, कपाळाला लावते. थोरल्या बहिणीचा आशीर्वाद दे, पण हात लगेच मागे घेऊ नकोस, कारण पत्र लांबणार आहे. तब्येत कशी आहे? गुडघे काय म्हणतात? त्या घरातला तीन मजल्यांचा जिना अजून तूच पुसतेस, की मॅडमनी शेवटी दुसरी बाई ठेवली? त्यांच्या धाकट्याचा खोकला गेला का? (तो तुझ्या कुशीतच झोपतो हे ऐकून मला बरं वाटतं आणि वाईटही वाटतं. का, ते पुढे कधीतरी.) कुवेतचा पारा पन्नाशीला टेकल्याचं आमचा एरो रोज वाचून दाखवतो आणि त्या दिवसापुरतं आपल्या उकाड्याला नावं ठेवणं बंद करतो. इकडे आम्ही सगळे सुखरूप आहोत. असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं.

पत्र पाहून तू दचकशील. फोनच्या जमान्यात कागद आला म्हणजे नक्की कोणीतरी गेलं, असं तुला वाटेल. तसं काही नाही. सगळे जिवंत आहेत आणि सगळ्यांची वजनं वाढलेली आहेत. पण आपल्या घराण्यात फोनवर एकटीने बोलायची सोय नाही हे तुला ठाऊकच आहे. मी ‘हॅलो मनांग’ म्हटलं की भिंतींना नुसते कान फुटत नाहीत, अख्खी चुलत भावंडं फुटतात. शिवाय माझ्या बोलण्यात कंस फार, आणि ते फोनवर टाकता येत नाहीत. शिंप्याची सून जोसी गुरुवारी तिकडे परत निघतेय, तिच्या हाती हे पाकीट देते. डिंकाने नीट चिकटवलंय. उघडलेलं दिसलं तर जोसीशी महिनाभर बोलू नकोस.

तर मुद्दा असा. आपल्या आईने, नानायने, त्रेचाळीस दिवसांत माझ्या घरात पाऊल टाकलेलं नाही. तिचं दार आणि माझं दार यांत चाळीस पावलं आणि एक शेवग्याचं झाड एवढंच अंतर आहे, हे तुला सांगायला नको. तुला ती फोनवर सगळं ठीक असल्याचं सांगते, लिपस्टिक लावून हसतेसुद्धा. पण मनांग, तिच्या पाठीमागे काय दिसतं ते तू कधी नीट पाहिलंस का? पूर्वी माझ्या स्वयंपाकघरातल्या पिवळ्या फरशा दिसायच्या. हल्ली साबणाच्या पुड्यांच्या माळा दिसतात. ती लोर्नाच्या दुकानासमोर उभी असते, जिथे पेटीत नाणं टाकलं की पंधरा मिनिटं इंटरनेट मिळतं. हल्ली तुमचं बोलणं बरोबर पंधराव्या मिनिटाला, ऐन रंगात आलेलं असताना तुटतं, त्याचा दोष कुवेतला देऊ नकोस. दोष एकाच माणसाचा आहे आणि तो माणूस माझा नवरा आहे. असं ठरवूनच मी लिहायला बसले आहे.

एरो वाईट नाही. पण त्याच्या फिनलंडात त्याच्या आईचा सगळ्यात जवळचा शेजारी दीड किलोमीटरवर राहतो, आणि तो फार जवळ आहे असं त्या माउलीचं मत आहे. तिला भेटायचं तर हा पंधरा दिवस आधी कळवतो. मग ती कॉफी आणि माणशी एक गोड पाव ठेवते, दोघं मिळून तळ्याकडे बघतात, आणि निघताना ती म्हणते, छान गप्पा झाल्या. असा माणूस आपल्या गावात बर्फाच्या कारखान्यातली यंत्रं बसवायला आला आणि माझ्या प्रेमात पडला. माझ्याबरोबर नानाय, तियो बर्टिंग, त्यांचे दोन झुंजीचे कोंबडे आणि रविवारच्या जेवणाला एकवीस माणसं येतात, हे त्याला लग्नाच्या कागदावर कुठे लिहिलेलं दिसलं नाही. तरी बारा वर्षांत तो खूप शिकला. पहिल्या वर्षी रस्त्याने जाताना कोणीही ताटावरून ‘या जेवायला’ म्हटलं की हा खरंच बसायचा. कारखान्यात पोचेपर्यंत त्याचे तीन नाश्ते व्हायचे आणि ताट पुढे करणारे ट्रायसिकल-रिक्षावाले बिचारे उपाशी राहायचे. आता तो पोटावर हात ठेवून ‘आत्ताच झालं’ म्हणतो, अगदी आपल्यासारखा, भूक लागलेली असली तरी.

घर बांधलं तेव्हापासून खरी गोष्ट सुरू झाली. एरो साडेचारला उठून कारखान्यात जातो (यंत्रं आपल्या वाटेकडे डोळे लावून बसलेली असतात अशी त्याची समजूत आहे). त्यानंतर पाचला नानायचा खराटा माझ्या अंगणात वाजू लागायचा. मग मागच्या दाराने ती स्वयंपाकघरात यायची, कॉफी करायची, आणि तुझ्याकडे मध्यरात्र झालेली असायची, म्हणून तुझा फोन यायचा. फोन झाला की ती थेट आमच्या झोपायच्या खोलीत. हातात मासा. तो माझ्या नाकासमोर धरून म्हणायची, डोळे बघ, किती ताजे आहेत. (माशाचे. माझे मिटलेले असायचे.) त्यानंतर कपाटं उघडणं, एरोच्या चड्ड्या नव्या पद्धतीने घडी घालणं, माझ्या भांड्यांची झाकणं उचलून उसासे टाकणं. तियो बर्टिंग मामा असले तरी त्यांनी आंघोळ स्वतःच्या घरी करावी, एवढी अपेक्षा चूक आहे का? त्यांचा पंप दोन वर्षं ‘कालच बिघडलाय’. बुधवारी दुपारी नानायच्या जपमाळेच्या बायका माझ्या बाहेरच्या खोलीत जमायच्या. त्याबद्दल आत्ता काही लिहीत नाही.

एकदा एरोच्या बहिणीने तिकडून काळा आंबट पाव पाठवला. दोन महिने प्रवास करून तो पोचला तेव्हा एरोच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. दुसऱ्या दिवशी नानायने तो बुरसलाय असं समजून डुकराला घातला. डुकरानेही खाल्ला नाही, हे तिने एरोला समजूत काढण्यासाठी सांगितलं. तेव्हा तो उठून मागच्या अंगणात गेला आणि आपल्या सौनात जाऊन बसला. सौना म्हणजे ती लाकडी खोली, जी त्याने स्वतःच्या हाताने बांधली. घाम यावा म्हणून भट्टी पेटवायची आणि आत बसायचं. आपल्या गावात, जिथे घाम फुकट मिळतो, तिथे असली खोली बांधणाऱ्या माणसाबद्दल लोक काय बोलतात ते मी लिहीत नाही. पण ती त्याची जागा होती, आणि शनिवारची संध्याकाळ त्याची होती.

मेमध्ये पावसाने चार दिवस मासे वाळू दिले नाहीत. नानायच्या मनात आलं, एवढी गरम, कोरडी, रिकामी खोली, आणि आपण आभाळाकडे बघत बसलोय. शनिवारी संध्याकाळी एरो नेहमीप्रमाणे टॉवेल घेऊन आत शिरला. टॉवेल होता, पण खांद्यावर होता. आत फळ्यांवर ओळीने मासळी सुकत मांडलेली, भट्टी पेटलेली, आणि नानाय व जपमाळेच्या दोन बायका मासे उलटत बसलेल्या. त्या दोघी एकदम देवाचं नाव घेऊ लागल्या. नानायने वर पाहिलं, खाली पाहिलं, आणि अगदी मायेने म्हणाली, “ये टोटो, दार लाव. ऊब जाते.”

(बारा वर्षं झाली, ती त्याला टोटोच म्हणते. चोपन्न वर्षांचा बाप्या, पण तिचं बाळ.)

त्यानंतर जूनच्या मध्यावर त्याने पाटी केली. प्लायवूडचा तुकडा, पांढरा रंग, निळी अक्षरं, आपल्या भाषेत: ‘कृपया येण्याआधी कळवावे. सकाळी नऊनंतर यावे. रविवारी सर्वांचे मनापासून स्वागत.’ मला विचारलं नाही, सवरलं नाही. रविवारच्या जेवणाला सगळी माणसं जमलेली असताना उठून उभा राहिला, घसा खाकरला आणि एकवीस माणसांसमोर ती पाटी मोठ्याने वाचली. तियो बर्टिंगच्या तोंडातला घास तोंडातच राहिला. मी ताटाकडे बघत बसले. आणि नानाय हसली. म्हणाली, बरोबर आहे टोटो, आपल्या घराला आपले नियम हवेतच. मग भात छान मोकळा झालाय असं म्हणाली. पण तिने दुसऱ्यांदा भात घेतला नाही. मनांग, आपल्या नानायने दुसऱ्यांदा भात घेतला नाही.

एरो मात्र त्या दिवशी खूश होता. भांडी घासताना मला म्हणाला, तुझी आई फार समंजस बाई आहे, उगाच घाबरलो आपण. बारा वर्षांत मी त्याला पुष्कळ शिकवलं, पण हे शिकवायचं राहून गेलं की आपल्याकडे जो भांडतो त्याला राग आलेला असतो, आणि जो हसून ‘बरोबर आहे’ म्हणतो त्याचं काळीज दुखावलेलं असतं.

दुसऱ्या दिवशी नऊ वाजून पाच मिनिटांनी तियो बर्टिंगची मुलगी योनालिन आली, कपडे धुवायच्या मोठ्या टबात भांडी घेऊन. माझी भांडी, जी इतकी वर्षं नानायच्या घरी होती. काचेचं पसरट भांडं, दोन ताटल्या, तो आइस्क्रीमचा डबा (ज्यात आपल्या घरी आइस्क्रीम कधीच नसतं, सुकी मासळी असते), झाकणं त्या त्या भांड्यावर, सगळं राखेने लख्ख घासलेलं. एकूण अकरा. अकराच्या अकरा रिकामी. एकात चार केळी नाहीत, शेवग्याचा पाला नाही, मूठभर तांदूळसुद्धा नाहीत. आपल्या गल्लीत वैऱ्याचं भांडंसुद्धा कोणी असं परत करत नाही. संध्याकाळी एरो टब पाहून हरखला. चला, म्हणाला, इतक्या वर्षांनी आपली भांडी घरी आली, पाटीचा गुण आला. मी स्वयंपाकघराच्या जमिनीवर बसून रडले. सगळ्यात तळाशी तुझं निळं पातेलं होतं. नेलपॉलिशने तळाला तुझं नाव लिहिलेलं. विमानतळावर जायच्या दिवशी तू त्यात आमच्यासाठी भात करून ठेवला होतास. तेव्हापासून ते या दोन घरांमध्ये कधी भाजी घेऊन, कधी खीर घेऊन जात-येत राहिलं होतं.

तेव्हापासून घरात शांतता आहे. एरोला जी हवी होती ती. आधी दोन आठवडे त्याने ती चवीने उपभोगली. शनिवारी सौनात बसायचा, बाहेर येऊन ‘वा’ म्हणायचा. मग नुसताच बाहेर यायचा. मग एकदा म्हणाला, आत आता कसलाच वास येत नाही. अंगणात पाचोळा साठला तेव्हा त्याने खराटा घेतला आणि असं झाडलं की पाला तिथेच राहिला आणि अंगणाला खड्डे पडले. बाजारातून मासे आणतो, डोळ्यांत बघतो, आणि काही न कळून मला विचारतो. बहिणीकडून पुन्हा काळा पाव आला, तो त्याने नीट फडताळात ठेवायचा सोडून मागच्या दाराशी ओट्यावर, उघडा, दिसेल असा ठेवलाय. मी विचारलं, मुंग्या लागतील, इथे का? तर म्हणाला, असू दे. सतरा दिवस झाले, पाव तिथेच आहे. कोणी डुकराला घालायला आलं नाही.

मीच त्याला नानायकडे पाठवलं. जा, माफी माग, म्हटलं. तो आधी योनालिनकरवी निरोप पाठवून, वेळ ठरवून, इस्त्रीचा शर्ट घालून चाळीस पावलं चालत गेला. तासाभराने आला तो चेहरा उजळलेला. म्हणाला, फार छान स्वागत झालं, बाहेरच्या खोलीत प्लास्टिकच्या आवरणाच्या सोफ्यावर बसवलं, काचेच्या पेल्यात संत्र्याचं सरबत, खाली बशी, बशीत बिस्किटं, आणि निघताना दारापर्यंत पोचवायला आली. मला सांगवेना, पण सांगावं लागलं. एरो, त्या सोफ्यावर फक्त फादर आणि मतं मागायला येणारे बसतात. तू घरचा असतास तर तिने तुला मागच्या दाराने घेतलं असतं आणि लसूण सोलायला बसवलं असतं. त्याने मग शर्ट काढून हँगरला लावला आणि म्हणाला, मला लसूण सोलता येतो.

आणि परवा कळस झाला. सोळा ऑगस्टला सान रोकेची जत्रा. दरवर्षी तीन दिवस आधीपासून माझं स्वयंपाकघर नानायच्या ताब्यात असतं, साठ माणसांचा स्वयंपाक तिथे होतो, मला माझ्याच घरात पाणी प्यायला परवानगी घ्यावी लागते. यंदा योनालिन आली आणि म्हणाली, नानायने सांगितलंय, जत्रेला दुपारी बारा वाजता दोघांनी जेवायला अवश्य यावं. मनांग, मला माझ्या आईच्या घरचं आमंत्रण आलं. माझ्या कानात ते ‘अवश्य’ अजून वाजतंय.

तुला वाटेल, ही बया आपणच का जात नाही चाळीस पावलं. रविवारी चर्चमध्ये मी तिच्या बाजूला बसते. ती मला विचारते, जेवलीस का? जसं ती पोस्टमनलाही विचारते. तू समुद्रापलीकडे असून तिच्या हातात रोज पंधरा मिनिटं असतेस, आणि मी तिच्या खांद्याला खांदा लावून बसून तिच्यासाठी झुरते. पहाटे पाचला मला आपोआप जाग येते. एक गोष्ट तुला कधी सांगितली नाही. ती माझ्या स्वयंपाकघरात तुझ्याशी बोलायची ना, तेव्हा मी झोपलेली नसायचे. डोळे मिटून तुमचं ऐकायचे. तू काहीतरी सांगायचीस, ती खुदखुदायची, मग कपात चमचा ढवळल्याचा आवाज यायचा. मी उठून तुमच्यात येऊन बसले असते तर? नाही बसले. वाटायचं, रोजचंच आहे. आता पाचला खराटा वाजत नाही, चमचा वाजत नाही. मी छताकडे बघत नऊ वाजायची वाट बघते, आणि नऊनंतरही कोणी येत नाही.

म्हणून माझी एवढीच विनंती. तू थोरली. रुसलेल्या माणसाची समजूत काढायला आपल्या घरात तुझ्याशिवाय कोणी नाही. रविवारी नानायला सांग की परदेशी माणूस आहे, रीतभात कळत नाही, चुकला, पोटात घाल. सगळं एरोवर टाक. तो मोठ्या मनाचा आहे, त्याला चालेल. गुडघ्यांना तेल लाव, जिना चढताना कठड्याला धर, आणि पातळ चहावर दिवस काढू नकोस.

तुझी धाकटी, तुझ्या हाताखाली कपाळ ठेवून अजून तशीच वाकलेली,
नेल्फा

ता.क. (सोमवारीच, संध्याकाळी) जमलं तर ते गुडघ्याचं हिरवं तेल जास्तीचं घे आणि कोणाच्या तरी हाती पाठव, नानायचे गुडघेही त्याच घराण्यातले आहेत. एरोने विचारलं, एवढं काय लिहिलंस? मी म्हटलं, सगळा दोष तुझ्यावर टाकलाय. तो म्हणाला, छान. मग पुन्हा खराटा घेऊन खड्डे पाडायला गेला.

ता.क. दुसरा (मंगळवार) त्याचं ते ‘छान’ मला झोपू देईना. मनांग, ताकाला जाऊन भांडं लपवणं पुरे झालं. पाटी माझी आहे. शब्द माझे, निळा रंग मी आणला, नऊचा आकडा माझा. एरोला सौनातले मासेसुद्धा चालले असते. तो त्या रात्री तासभर हसत होता. मला चालेना ते बुधवारचं होतं. जपमाळेच्या बायका माझ्या बाहेरच्या खोलीत काय करायच्या माहीत आहे? माझ्या कुशीसाठी नऊ आठवड्यांचं साकडं घातलं होतं. एकेचाळीस वर्षांची मी, स्वयंपाकघरात त्यांच्यासाठी कॉफी करायचे, आणि बाहेर सात बायका माझ्या पोटाचं नाव घेऊन देवाला विनवायच्या. कप घेऊन गेले की सातही जणी आधी माझ्या पोटाकडे बघायच्या, मग कपाकडे. नानाय तर रोज पहाटे मासा दाखवायच्या निमित्ताने बघायची. मला फक्त एक सकाळ हवी होती, जिच्यात कोणी माझ्याकडे आशेने बघणार नाही. हे तिला सांगायची माझी छाती झाली नाही. तेव्हा एरो म्हणाला, “माझ्यावर टाक. परदेशी माणसाला रीत नसते हे इथे सगळ्यांनी केव्हाच मान्य केलंय. मला ते माफ करतील. तुला करणार नाहीत.” आणि तो एकवीस माणसांसमोर उभा राहिला, आणि मी ताटाकडे बघत बसले. नऊचा आकडा घालताना तुझा पाचचा फोन माझ्या डोक्यातसुद्धा आला नाही, त्याची मला सगळ्यात जास्त लाज वाटते.

तेव्हा वरची विनंती रद्द. रविवारी रदबदली करू नकोस. मी स्वतः जाऊन तिला सांगणार आहे, तू फक्त तेव्हा फोनवर राहा. काही बोलू नकोस. लहानपणी मी बाळयेशूच्या मूर्तीचा हात मोडला होता, आठवतं? नानायसमोर उभी होते आणि तू मागून माझ्या फ्रॉकचा पट्टा धरून ठेवला होतास. एक शब्द बोलली नाहीस, पण तू धरलं होतंस म्हणून मी पळाले नाही. तेवढंच कर.

ता.क. तिसरा (गुरुवार सकाळ, जोसीची ट्रायसिकल दारात आहे, अक्षर समजून घे) रविवारपर्यंत मला धीर निघाला नाही. काल पहाटे तीनला उठून काळी तूर, डुकराचं मांस आणि कच्चा फणस शिजवला, नानायच्या पद्धतीने, आइस्क्रीमच्या डब्यात भरला आणि पाचला लोर्नाच्या दुकानापाशी गेले. ती तुझ्याशी बोलत होती. काल मध्येच तुझ्या पडद्यावर अंधार झाला ना? मला बघून तिने फोन छातीशी धरला, तोच तो अंधार. म्हणजे तू होतीसच तिथे. तुला काय ऐकू आलं माहीत नाही, म्हणून लिहिते.

मी डबा पुढे केला आणि म्हटलं, पाटी एरोची नाही, माझी आहे. नानायने डब्याचं झाकण उचललं, वास घेतला, मीठ कमी आहे म्हणाली. मग म्हणाली, “मला वाचली तेव्हाच कळलं. टोटो साडेचारला उठतो. नऊपर्यंत लोळणारं त्या घरात एकच माणूस आहे आणि ते मी जन्माला घातलंय.” मी विचारलं, मग त्या बिचाऱ्याला सोफ्यावर का बसवलंस? तर म्हणाली, दुसऱ्याची माफी घेऊन आलेल्या माणसाला सरबतच द्यायचं असतं. मग डबा माझ्या हातातून घेत म्हणाली, “त्याच्यावर मी कशाला रुसू? मी तुझी वाट बघत होते. चाळीस पावलं होती, नेल्फा.”

मग मी तिला बुधवारचंही सांगितलं. सगळं सांगितलं, जेवढं वर लिहिलंय त्याहून जास्त. तिने डब्याचं झाकण दाबून लावलं, चारही बाजूंनी. तेवढ्यात पेटीची पंधरा मिनिटं संपली आणि तू गेलीस. तिने दुसरं नाणं टाकलं नाही. माझ्या दंडाला धरून चालत माझ्या फाटकापर्यंत आली, आत आली नाही, आणि घरी गेली.

काल बुधवार होता. बायका तियो बर्टिंगकडे जमल्या. काय म्हणाल्या ते मी विचारलं नाही. आज पाचला जाग आली ती खराट्याने. बाहेर येऊन पाहिलं तर पाटीवर नऊच्या ओळीखाली कोळशाने, नानायच्या अक्षरात लिहिलंय: ‘एल्वीच्या फोनसाठी पाच वाजता. अंगण घरात मोजू नये.’ एरोचा पाव ओट्यावरून नाहीसा झालाय. एरो आज कारखान्यात गेलाच नाही, सकाळपासून डुकराकडे तीनदा जाऊन आला. पाव तिथे तसाच पडलाय असं मला अतिशय आनंदाने सांगत होता. आणि आइस्क्रीमचा डबा अजून परत आलेला नाही. येऊही नये.

जोसी हॉर्न मारतेय. मनांग, आज पहाटे तू आम्हा दोघींना एकाच पडद्यात पाहिलंस, पिवळ्या फरशांसमोर, आणि ओढणीने डोळे पुसलेस. मागचे तीन डिसेंबर तू ‘सुट्टी मागते’ म्हणालीस. तुझं निळं पातेलं माझ्याकडे आहे. जोसीबरोबर पाठवता आलं असतं, तिने विचारलंही, पण मी नाही म्हटलं. आपल्यात भांडं रिकामं परत करत नाहीत, आणि भरलेलं विमानात नेऊ देत नाहीत. तेव्हा ते घ्यायला तुलाच यावं लागेल.